एका फोडाचा इतिहास

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण थोडा विचार केला, तर तो कातडीचाही सण आहे. वर्षभर जिच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्या त्वचेचे ह्या चार दिवसांत केवढे कोडकौतुक होते! पहाटे उठून तेल काय, उटणे काय, कढत पाण्याचे अभ्यंगस्नान काय! लेकराच्या पाठीवरून फिरणारा आईचा हात एकाएकी थांबतो आणि "अगं बाई, ही चामखीळ केव्हा उगवली?" असा प्रश्न न्हाणीघरातून ऐकू येतो. मग घरातली वडीलधारी मंडळी सल्ले देऊ लागतात. कोणी म्हणते, घोड्याचा केस आवळून बांधा. कोणी म्हणते, चुना लावा. एखादी आजी बिब्ब्याचे नाव काढते, आणि तिची सून घाबरून विषय बदलते.

ह्या घरगुती उपायांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. जगातील नामांकित वैद्यांनी जो उपाय दोन हजार वर्षे हाताळला, टाकला, पुन्हा उचलला, आणि जो अमेरिकेच्या औषधखात्याने अगदी परवा, म्हणजे २०२३ साली, रीतसर मान्य केला, तो ह्या उपायांहून कमी विचित्र नाही. तो उपाय म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अंगातले विष! आणि ते विष पाहायला दूर देशी जायला नको. आमच्या जानेफळच्या शिवारात ते पोळ्यापासून दिवाळीपर्यंत फुलाफुलांवर बसलेले असते.

जानेफळ हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले गाव. कपाशी, सोयाबीन, तूर, मूग, उडीद ही इकडची पिके. मूग-उडीद फुलावर आले, परसातली भेंडी आणि अंबाडी बहरली, की बोटाच्या पेराएवढा एक काळा भुंगेरा दिसू लागतो. त्याच्या पाठीवर नारिंगी पट्टे असतात. इतके ठसठशीत, की कोणी हौशी रंगाऱ्याने कुंचल्याने ओढले असावेत असे वाटावे. गणपतीसाठी राखलेली जास्वंदीची फुले कुरतडून ठेवणारा हाच तो. ह्याच्या कुळातले जे किडे बाजरीच्या कणसावर येतात त्यांना शेतकरी हिंगे म्हणतात. शास्त्रज्ञांनी आमच्याकडच्या ह्या पट्टेवाल्याचे नाव ठेवले आहे मायलॅब्रिस पुस्टुलाटा. नाव अवघड असले, तरी त्यातला 'पुस्टुला' म्हणजे पुळी किंवा फोड एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा मानेवर ओळीने टपोरे फोड घेऊन शाळेत आला. शेजारच्या बाकावरची मुले दूर सरकली. कोणी म्हणाले, नागीण उठली. कोणी म्हणाले, कढत तेल उडाले असेल. चौकशी केली तेव्हा कळले, की आदल्या दिवशी मुगाच्या शेंगा तोडताना मानेवर काहीतरी वळवळले आणि त्याने ते हातानेच चिरडून पुसून टाकले. तेव्हा काही दुखले नाही, आग झाली नाही. फोड उठले ते रात्रीतून. पुढे काही दिवसांत ते सुकले, खपली गेली, आणि महिनाभराने पाहिले तर मान पूर्ववत स्वच्छ! कोठे डाग नाही की व्रण नाही. उलट माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या मनगटावर लहानपणी बिब्बा उतला होता, त्याचा काळा डाग पन्नाशीतही तसाच आहे. दोन्ही फोडच, पण एक माग न ठेवता गेला आणि दुसरा जन्माचा सोबती झाला. हे कसे? ह्या साध्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि एका फोडाचा इतिहास हाती लागला.

ह्या भुंगेऱ्याला छेडले, की तो पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रवाचे थेंब बाहेर टाकतो. ते दुसरे तिसरे काही नसून त्याचे रक्तच असते, आणि त्या रक्तात कँथॅरिडिन नावाचे विष असते. मोठी मौज अशी, की हे विष तयार करतो नर. मीलनाच्या वेळी तो त्याचा मोठा वाटा मादीला देतो, आणि मादी ते आपल्या अंड्यांना लावते, म्हणजे मुंग्या आणि इतर किडे त्या अंड्यांच्या वाटेस जात नाहीत. बापाने कमावलेले आईने लेकरांसाठी राखून ठेवावे, असा हा घरंदाज व्यवहार आहे.

ह्या कुळातल्या किड्यांचे बालपण कसे जाते याचा छडा लावला एका शाळामास्तराने, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. फ्रान्समधील आव्हिन्यों गावी शिकवणारे झां-आंरी फाब्र ह्यांनी १८५७ साली दाखवून दिले, की हे किडे अळीच्या वयातच अनेकदा रूप पालटतात आणि त्यांतले काही मधमाश्यांच्या घरात शिरून वाढतात. आमच्या पट्टेवाल्याची पिल्ले मात्र जमिनीत उतरून नाकतोड्यांची अंडी खातात. म्हणजे लहानपणी शेतकऱ्याचा मित्र आणि मोठेपणी त्याच्याच मुगाच्या फुलांचा शत्रू! माणसातही अशी उदाहरणे आहेत. पण ते असो.

माणसाला ह्या विषाची ओळख फार जुनी. रोमचा ग्रंथकार प्लिनी ह्याने पहिल्या शतकात एक हकीकत लिहून ठेवली आहे. सम्राट नीरोचा कोसिनस नावाचा एक सरदार मित्र होता. त्याला त्वचेचा चिवट रोग जडला. मित्रासाठी नीरोने खास इजिप्तमधून वैद्य बोलावला. वैद्याने ह्या किड्यांचा काढा करून पाजला, आणि कोसिनस मेला. रोग कातडीचा आणि औषध पोटात! लावायचे काय आणि घ्यायचे काय, वरवर कोठवर आणि खोल कोठवर, ह्याचा विवेक सुटला म्हणजे काय होते, याचा हा इतिहासाने दिलेला पहिला धडा. तो शिकायला पुढे अठराशे वर्षे लागली.

मधल्या काळात युरोपातील वैद्यांनी ह्या किड्यांचे स्तोम माजवले. स्पेन आणि दक्षिण युरोपात सापडणारा ह्या कुळातला हिरवा चकचकीत भुंगेरा 'स्पॅनिश माशी' म्हणून प्रसिद्ध होता. वास्तविक ती माशी नव्हेच. त्याची पूड मेणात खलून पट्टी करायची आणि ती अंगावर लावून मुद्दाम फोड आणायचा. आतला दोष फोडाच्या पाण्यावाटे बाहेर पडतो अशी समजूत होती. आपल्याकडे पोटदुखीवर डाग देतात, त्यामागची कल्पना ह्याहून फारशी निराळी नाही. १६८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स मरणोन्मुख असताना त्याचे डोके भादरून त्यावर अशा पट्ट्या चढवल्या होत्या. १७९९ च्या डिसेंबरात अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घसा सुजून अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या गळ्यालाही हीच पट्टी लावण्यात आली. दोघेही वाचले नाहीत. पट्टीने त्यांना मारले असे म्हणता येणार नाही. पण तिने त्यांच्या अखेरच्या घटका सुखाच्या केल्या नाहीत, एवढे नक्की.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा ही पट्टीही त्यांच्याबरोबर आली. पण विलायतेहून माल यायला सहा-सहा महिने लागत. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस हार्डविक ह्या लष्करी अधिकाऱ्याने बंगाल, बिहार आणि अयोध्या प्रांतांत मिळणाऱ्या एका भुंगेऱ्याचे वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले आणि स्पॅनिश माशीचे सारे गुण ह्या देशी किड्यात आहेत असे सांगितले. हिंदीत ज्याला तेलिनी मक्खी म्हणतात तोच हा वर्ग. १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' ह्या सरकारी औषधसंग्रहातही त्याला जागा मिळाली. पुढे १९३१ च्या सुमारास बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अय्यर आणि गुहा ह्या संशोधकांनी मायलॅब्रिस पुस्टुलाटा, म्हणजे आमच्या मुगावरचाच पट्टेवाला, तपासला आणि कँथॅरिडिन मिळवण्यासाठी तो उपयोगी आहे असे दाखवले. ज्याला आम्ही चपलेने चिरडतो, त्याची अशी परीक्षा झालेली आहे, हे आमच्या शिवारातल्या किती जणांना ठाऊक असेल?

परंतु ह्या कथेला खरी कलाटणी मिळाली ती १८१० साली. पॅरिसचा रसायनज्ञ पिएर झां रोबिके ह्याने किड्यांच्या पुडीतून ते विष शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे काढले. वरवर पाहता ही किरकोळ गोष्ट. पण तिच्यामुळे विषाला माप आले. तोवर चिमूटभर पूड म्हणजे किती विष, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एक किडा जहाल, दुसरा मवाळ. आता मात्र वजन करता येऊ लागले, आणि वजन केले तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. गव्हाचा एक दाणा साधारण चाळीस मिलिग्रॅम भरतो. त्याच्या पावपट, म्हणजे दहा मिलिग्रॅम कँथॅरिडिन पोटात जाऊनही माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. ते आतड्यांना आणि मूत्रपिंडांना अक्षरशः भाजून काढते.

मी कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबरीकाराला विषाचा मोह असतोच. पण १९५४ साली लंडनमध्ये जे घडले ते कोणत्याही कादंबरीकाराला सुचले नसते. हे विष दुसऱ्याला वश करते अशी एक खुळी समजूत युरोपात शतकानुशतके चालत आलेली होती. तिच्या नादी लागून एका औषधकंपनीतील अधिकाऱ्याने कचेरीच्या साठ्यातले थोडे कँथॅरिडिन खोबऱ्याच्या वडीत मिसळले आणि ती वडी कचेरीतल्या मुलींना दिली. दोन तरुण मुली हकनाक प्राणाला मुकल्या आणि तो तुरुंगात गेला. मारण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याला माप ठाऊक नव्हते, एवढेच.

ह्याच पदार्थाची दुसरी बाजू पाहा. बंगाल केमिकल ह्या जुन्या स्वदेशी कारखान्याचे 'कँथरायडिन हेअर ऑइल' पुष्कळ घरांच्या फडताळात असे. त्याचे नाव ह्याच विषावरून आले आहे. डोक्याची कातडी किंचित चाळवली म्हणजे केस वाढतात, ही त्यामागची कल्पना. केस वाढत असोत वा नसोत, पण खुनाच्या खटल्यात आणि आजीच्या तेलाच्या बाटलीत एकच नाव यावे, ह्यातच ह्या पदार्थाचा स्वभाव आला. तो शत्रूही नाही आणि मित्रही नाही. तो केवळ मापाचा गुलाम आहे.

आता पुन्हा चामखिळीकडे वळू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो, पण तो पेशींच्या अनेक थरांनी बनलेला असतो. अगदी तळाशी ज्या पेशी असतात त्याच विभागून नव्या पेशी तयार करतात. ह्या नव्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांनी कोंडा होऊन गळून पडतात. जितक्या जन्मतात तितक्याच गळतात, म्हणून आपली कातडी आयुष्यभर एकाच जाडीची दिसते. हा हिशेब कोठे चुकला, की गाठ उगवते. चामखिळीत हा हिशेब एक विषाणू चुकवतो. इटलीतील जुझेप्पे चुफो ह्या वैद्याने १९०७ साली चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी किंवा जंतू राहू नये. आणि तरीही त्या अर्काने नवी चामखीळ उगवली. म्हणजे गाळणीतून निसटणारा कोणीतरी चोर आहे, हे सिद्ध झाले. आज त्याच विषाणूंची शंभराहून अधिक भावंडे माहीत आहेत, आणि त्यांतल्या काहींमुळे स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो हे दाखवून देणाऱ्या जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चामखिळीचा विषाणू वरच्या पापुद्र्यातच राहतो. खाली उतरत नाही. म्हणजे नेमका तेवढाच पापुद्रा उचलता आला, तर चामखीळही त्याबरोबर उचलली जाईल. कापावे तर व्रण राहतो, जाळावे तर लेकरू रडते. इथे किड्याचे विष कामास येते. वरच्या पापुद्र्यातल्या पेशी एकमेकींना टाक्यांनी जोडलेल्या असतात, जशी गोधडी जोडलेली असते तशी. कँथॅरिडिन हे टाके उसवते. उसवलेल्या जागी पाणी भरते, फोड उठतो, आणि त्याच्या छपरासकट चामखीळ सुटून येते. तळाच्या पायाला धक्का लागत नाही, म्हणून खालून नवी कातडी येते आणि बहुधा डाग राहत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या मानेचे कोडे असे सुटले. बिब्ब्याचा चीक ह्या मर्यादेत थांबेलच असे नाही. तो खोल जातो, म्हणून त्याचा डाग राहतो. विल्यम एप्स्टाइन आणि अल्बर्ट क्लिगमन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी चामखिळीवर कँथॅरिडिन लावण्याची पद्धत १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडली, आणि लवकरच ती तिकडच्या दवाखान्यांत रूढ झाली. लावताना दुखत नाही, हा तिचा मोठा गुण. सुई नाही, सुरी नाही. मुले मुकाट्याने हात पुढे करीत. फोड आला की मग दुखे, तो भाग निराळा.

पण चारच वर्षांत चक्र फिरले. थॅलिडोमाइड नावाच्या गोळीने युरोपात हजारो मुले व्यंग घेऊन जन्माला आली, तेव्हा अमेरिकेने १९६२ साली कायदा केला, की औषध निर्धोक आहे एवढे दाखवून भागणार नाही, ते गुणकारी आहे हेही सिद्ध केले पाहिजे. कँथॅरिडिन विकणाऱ्यांनी तसा पुरावा दिलाच नाही, आणि औषध बाजारातून गेले. डॉक्टर मंडळी आपापल्या परीने ते बनवून घेऊन वापरीत राहिली. पण एकाचे पातळ, दुसऱ्याचे जहाल, अशी पुन्हा जुनीच गत झाली. अखेर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. रोग चामखिळीचा नव्हे, तर तिच्यासारखाच दिसणाऱ्या मोत्यासारख्या पुळ्यांचा. मोलस्कम म्हणतात तो हा रोग मुलांत फार आढळतो, आणि त्याचा विषाणू देवीच्या विषाणूचा दूरचा भाऊबंद आहे. दोन्ही चाचण्यांत मिळून दोन वर्षांच्या बालकांपासून पुढच्या वयाचे ५२८ रुग्ण होते. शेकडा ०.७ कँथॅरिडिन असलेले औषध तीन-तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त चार वेळा लावण्यात आले. बारा आठवड्यांनी पाहिले तर एका चाचणीत शेकडा ४६ आणि दुसरीत शेकडा ५४ रुग्णांच्या साऱ्या पुळ्या गेल्या होत्या. ज्यांना नुसते बिनऔषधी द्रावण लावले त्यांच्यात हे प्रमाण शेकडा १८ आणि १३ एवढेच भरले. ह्या पुराव्यावर जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने ते औषध मान्य केले. कायदा १९६२ चा, मान्यता २०२३ ची. म्हणजे एका फोडाला सरकारदरबारी एकसष्ट वर्षे तिष्ठत बसावे लागले!

इथे कथा संपली असती तर ती गोड झाली असती. पण तिचा दुसरा अंक अधिक महत्त्वाचा आहे.

हे विष पेशीच्या आत नेमके करते काय? कॅलिफोर्नियातील ली आणि जॉन कॅसिडा ह्यांनी १९९२ साली ह्याचे उत्तर दिले. मी मास्तर असल्यामुळे ते फळ्याच्या भाषेत सांगतो. पेशीचे सारे कामकाज जणू एका फळ्यावर चालते. एकजण फळ्यावर हुकूम लिहितो: वाढ, विभाग, घट्ट धर, सोड. दुसरा काम होताच तो हुकूम पुसतो. कँथॅरिडिन हा पुसणाऱ्याचा हात धरते. मग लिहिलेले तसेच राहते, फळ्यावर गोंधळ होतो. टाके सुटतात, पुष्कळ पेशी मरतात. कर्करोगाच्या पेशीही अशा मरतात, आणि चीनमध्ये ह्या किड्यांचा औषधी वापर दोन हजार वर्षांचा असल्यामुळे तिकडे यकृताच्या कर्करोगावर ह्या विषाचे सौम्य केलेले रूप वापरण्यात आले. पण वाचकांनी जरा थांबून विचार करावा. 'वाढ' हा हुकूमच जर पुसला गेला नाही तर? मग पेशी मरण्याऐवजी वाढतच सुटतील! १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांनी समुद्रातील स्पंजात सापडणाऱ्या एका विषाने उंदरांच्या कातडीवर गाठी वाढवून दाखवल्या. ते विषही ह्याच पुसणाऱ्याचा हात धरते. त्याआधीच, १९७२ मध्ये, ऑस्लोच्या लेरुम आणि इव्हर्सन ह्यांनी बिनकेसांच्या उंदरांच्या कातडीवर कँथॅरिडिन पुनःपुन्हा लावले, तेव्हा काही उंदरांना गाठी आल्याचे त्यांनी नोंदवले होते. माणसाला ह्यापासून कर्करोग होतो असा पुरावा नाही, आणि जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेनेही तसे ठरवलेले नाही. पण एकच पदार्थ मोजके वेळा लावला तर वाढलेली गाठ उतरवतो, आणि लावतच राहिले तर गाठ उगवण्याची शंका निर्माण करतो, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

त्वचेची ही रीत शास्त्रज्ञांना निराळ्या वाटेनेही कळत गेली होती. १९१५ साली जपानच्या यामागिवा आणि इचिकावा ह्यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९४१ साली इंग्लंडमध्ये बेरेनब्लूम ह्यांनी उंदराच्या कातडीला आधी कर्करोगकारक द्रव्य किंचित लावले आणि मग जमालगोट्याचे तेल पुनःपुन्हा लावले. एकट्याने जे होत नव्हते ते दोघांनी मिळून केले. बी कोणी तरी पेरते, पण त्याला रोज पाणी घालणारा दुसराच असतो. हे पाणी म्हणजे रोजची चुरचुर, रोजचे घर्षण, रोजची जखम.

आणि हा शोध आपल्या घरापर्यंत आणला तो मुंबईत. टाटा स्मारक रुग्णालयाची प्रयोगशाळा ज्यांनी उभी केली, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ साली आपल्या सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या देशातील चालीरीतींमुळे होणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात वर्णिले होते, आणि त्यांतला एक होता धोतराचा कर्करोग! कमरेला करकचून धोतर नेसणाऱ्यांच्या कंबरेवर, नेमक्या त्या आवळलेल्या पट्ट्यावर, वर्षानुवर्षांच्या घर्षणाने आधी रंग उडतो, मग कातडी जाड होते, आणि एखाद्याला तिथेच न भरणारी जखम होऊन तिचा कर्करोग बनतो. त्यात विषारी किडा नाही, डांबर नाही, जमालगोटा नाही. केवळ एक गाठ, रोज त्याच जागी.

ही गोष्ट जुनी झाली, धोतरे गेली, असे कोणी म्हणेल. पण २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत छापली. दोघींच्या कुशीवर, कंबरेच्या जागी, न भरणारी जखम होती. एक परकराची नाडी घट्ट बांधणारी. दुसरी आपल्यासारखीच, लुगडे नेसणारी. चाळीस वर्षे रोज कमरेला तेच करकचून नेसलेले लुगडे. दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला, आणि लुगडेवालीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. तिने ती जखम दोन वर्षे अंगावर काढली होती.

हे वाचले तेव्हा आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. निंदणीला वाकलेल्या, कंबरेला लुगडे आवळलेल्या, घामाने चिंब झालेल्या. भुंगेऱ्याच्या फोडाला सारा गाव घाबरतो, कारण तो एका रात्रीत टपोरा दिसतो. पण तो वरच्या पापुद्र्यात उठतो, एकदाच उठतो, आणि निघून जातो. कंबरेवरच्या पट्ट्याला कोणी घाबरत नाही, कारण तो हळूहळू येतो, दुखत नाही, आणि साडीखाली झाकलेला असतो. दोन हजार वर्षांच्या ह्या इतिहासातून माझ्यासारख्याच्या पदरात पडले ते एवढेच: घाव मोठा की लहान, ह्यापेक्षा तो किती खोल आणि किती वेळा, हे पाहावे. मापाने केलेला एकच घाव त्वचा हसत सोसते. रोजच्या रोज, त्याच जागी होणारा बारीक घाव ती विसरत नाही.

तेव्हा भुंगेरा अंगावर बसला तर त्याला चिरडू नये, हलकेच फुंकर मारून उडवून द्यावे. चुकून रस लागलाच तर जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये. चामखिळीवर किडा चेचून लावण्याचा प्रयोग कोणी घरी करू नये; औषध झाले ते मापामुळे, किड्यामुळे नव्हे. आणि लेकराच्या मानेवरची चामखीळ जशी अभ्यंगाच्या वेळी आईला दिसते, तशी घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या कंबरेची चौकशीही कोणी तरी मायेने करावी. रंग उडालेला पट्टा असेल, तर नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलावी. आणि महिना उलटूनही भरत नाही अशी जखम असेल, तर दिवाळीचा फराळ मागे ठेवून आधी दवाखान्याची वाट धरावी.